डावं मडगार्ड

गावाचं नाव मार्च, महिना नोव्हेंबर,
आणि इंग्लंडचा हा कोपरा असा सपाट
की बीटाचा ट्रक तीन मैलांवरून दिसतो
आणि येता येत नाही.
कालवे पट्टीनं आखलेले, रस्ते पट्टीनं आखलेले.
अख्ख्या मुलखात वळण म्हणून काय ते
एनोक स्कॉटनीच्या शेडमध्ये
दोन लाकडी घोड्यांवर उताणं पडलेलं.

आत प्लायच्या फासळ्या, मधे फोम,
वरून लांबी.
लांबी का म्हणतात तिला कोण जाणे,
तिचं सगळं भांडण जाडीशी.

थर्झा आधी बटाट्याच्या कारखान्यात होती.
पहाटे चार वाजता, पट्ट्यावर,
चिखलातला दगड आणि चिखलातला बटाटा
न बघता वेगळा करायची.
एनोकनं नोकरी देताना तेवढंच विचारलं.

आता ती तिरकं घासते.
एकदा या कोनातून, एकदा त्या,
हातभर लांब फळी, तिला चिकटवलेला पॉलिश पेपर.
मग काळ्या पावडरीचा हात, पुन्हा घासणं.
काळं उरेल तिथं खड्डा.
खड्डा भरला की शेजारी टेंगूळ.
टेंगूळ काढलं की
सकाळचा चहा दुपारी सापडतो, साय धरलेला.

"डोळ्यानं बघू नकोस," एनोक म्हणतो,
"डोळ्याला बरं वाटायची घाई असते."
आणि पातळ सुती हातमोजा पुढे करतो,
बोटांची टोकं धुऊन धुऊन विरलेला.

कर्टिस आला पीटरबरोहून, लॅपटॉप घेऊन.
गाडी त्याच्या वडलांची, अठ्ठावन्न सालची,
डावं मडगार्ड खांबावर चेपलेलं,
एनोकनं ठोकून ठोकून त्याच्याकडून
जुना आकार वदवून घेतलेला.
पडद्यावर हिरवं, पिवळं, एका जागी लालभडक.
"डावं उजव्यापेक्षा चार मिलिमीटर फुगीर आहे.
उजवंच उलटं करून लावा ना. मशीन एका रात्रीत कापेल."

एनोक काही बोलला नाही.
हातमोजा दिला.
कर्टिसनं जुन्या पत्र्यावरून हात फिरवला
दुकानात सतरंजीवरून फिरवतात तसा,
म्हणाला, "काही कळत नाही."

थर्झानं फिरवला.
दिव्याच्या खोबणीपासून मागे, सावकाश,
चाकाच्या कमानीवर थांबली, परत गेली,
पुन्हा आली.
"इथं हात पुरला नसेल त्याचा," ती म्हणाली.
"उजव्या हातानं ठोकणारा होता कुणीतरी,
बुटका.
इथून पुढे त्यानं जागा बदलली."

शेडमध्ये हीटर टिकटिकत राहिला.
पत्र्यावर कुणाचंच नाव नव्हतं.

शेवटी दोन मिलिमीटरवर तडजोड झाली.
राहिलेले दोन कुणाचे,
ते बिलात लिहायला रकाना नव्हता.

मग काळा चकचकीत रंग, आणि ट्यूबलाइटची रेघ
आकारावरून न अडखळता उतरेपर्यंत आणखी नऊ दिवस.
मेणाचे सात थर.
जेलकोट, काचतंतू, राळ,
आणि डोकं जड करणारा तो गोडसर वास.

साचा सुटताना कण्हला.
पाचरा ठोकल्या, फटीतून हवा सोडली,
आणि आतलं सात आठवड्यांचं काम
कमानीवरच मोडलं, सुक्या पावासारखं.
थर्झा बघत राहिली.
एनोक साच्याच्या पोकळीत वाकलेला,
कुठे ओरखडा नाही ना, एवढंच बघत.
"ते टाक," म्हणाला. "त्याचं झालं."

कचऱ्याच्या पेटीत तिनं तुकडे टाकले,
फुगवटा वर राहील असे.

संध्याकाळी चिप्सच्या रांगेत ती उभी,
बाजूला कुणाची तरी निळी फोर्ड.
तिला कळलंही नाही हात कधी गेला.
"ए पोरी! काय करतेस?"
मालक व्हिनेगरची पुडी सांभाळत धावत आला.

"काही नाही," ती म्हणाली,
तळवा अजून तिथंच.
"हे दार एकदा बदललंय."

तो बघत राहिला दाराकडे, मग तिच्याकडे.
"बायकोला सांगू नकोस," म्हणाला.